एफ-१ विद्यार्थी आणि अमेरिकी बँकेचं व्याज: १०४०-एनआर भरताना क्रम चुकवू नका

फेब्रुवारीच्या सुमारास बँकेच्या अ‍ॅपमध्ये १०९९-आयएनटी हा वर्षभराच्या व्याजाचा फॉर्म येऊन पडतो आणि मास्टर्स करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: करासाठी अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांच्या (नॉनरेसिडेंट) १०४०-एनआर या रिटर्नवर हे व्याज कुठे दाखवायचं? उत्तरं साधारण तीन येतात. कुणी म्हणतं, उत्पन्नात धरा. कुणी म्हणतं, नॉनरेसिडेंट म्हणजे ३० टक्के कर. कुणी म्हणतं, दहा-वीस डॉलर तर आहेत, सोडून द्या. तिसऱ्याचा निकाल बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण त्याचं कारण चुकीचं असतं. पुढे स्टेटस बदलतं त्या वर्षी हाच सल्ला अंगाशी येतो.

कायदा असा आहे. करासाठी नॉनरेसिडेंट असलेल्या माणसाला अमेरिकेतल्या बँकेतल्या ठेवीवर जे व्याज मिळतं, ते इंटर्नल रेव्हेन्यू कोडच्या कलम ८७१(आय) नुसार फेडरल कराच्या बाहेर ठेवलेलं आहे. अट एकच, ते व्याज अमेरिकेतल्या धंद्याशी जोडलेलं नसावं. रकमेला वरची मर्यादा नाही. आठ डॉलर असोत की आठशे, नियम तोच. मात्र ही सूट तुमच्या स्टेटसवर उभी आहे. त्याच बँकेतल्या तशाच खात्यावर तुमच्या लॅबमधल्या सहाव्या वर्षाच्या पीएचडीवाल्याला पूर्ण कर लागू शकतो.

गोंधळ होतो तो क्रम उलटा झाल्यामुळे. आधी सॉफ्टवेअर उघडलं जातं, मग कागद शोधले जातात, आणि आपण रेसिडेंट की नॉनरेसिडेंट हे कुणी तपासतच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

टप्पा १: आधी स्टेटस ठरवा

इमिग्रेशनच्या भाषेतला नॉनइमिग्रंट आणि कराच्या भाषेतला नॉनरेसिडेंट यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. ग्रीन कार्ड नसलं तरी करासाठी तुम्ही रेसिडेंट होऊ शकता. ते ठरतं सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्टवर. चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक-तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश मिळून १८३ दिवस भरले, की तुम्ही रेसिडेंट.

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) आणि जे-१ (एक्सचेंज व्हिसा) विद्यार्थ्यांचे पहिल्या ५ कॅलेंडर वर्षांतले दिवस या मोजणीत धरलेच जात नाहीत. इथे 'कॅलेंडर वर्ष' हे शब्द जपून वाचा. कॅलेंडर वर्षातला एक दिवसही पूर्ण वर्ष म्हणून मोजला जातो. २८ डिसेंबर २०२२ ला उतरलात, तरी २०२२ हे तुमचं पहिलं वर्ष. मग २०२२ ते २०२६ ही पाच वर्षं संपली, की १ जानेवारी २०२७ पासून दिवस मोजायला सुरुवात होते, आणि २०२७ मध्ये नेहमीसारखे राहिलात तर त्या वर्षी तुम्ही रेसिडेंट. ओपीटीचा, म्हणजे शिकलेल्या विषयातल्या नोकरीच्या परवानगीचा, काळ एफ-१ मध्येच येतो. त्यासाठी वेगळं गणित नाही.

तीन ठिकाणी लोक हटकून चुकतात:

- आधीची वर्षं विसरणं. इंजिनिअरिंगच्या वेळी जे-१ वर एक सेमिस्टर केलं असेल, किंवा लहानपणी आई-वडिलांबरोबर जे-२ वर राहिला असाल, तर ती वर्षंही त्या पाचात जमा होतात.
- जे-१ वर संशोधक किंवा शिक्षक म्हणून आलेल्यांनी विद्यार्थ्यांचा पाच वर्षांचा नियम स्वतःला लावणं. त्यांच्यासाठी नियम वेगळा आणि आखूड आहे: मागच्या ६ वर्षांपैकी २ वर्षं अशी सूट वापरून झाली असेल, तर यंदा सहसा मिळत नाही.
- एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागला म्हणजे त्याच वर्षी रेसिडेंट झालो असं समजणं. १ ऑक्टोबरपासून एच-१बी सुरू झाला, तर ३१ डिसेंबरपर्यंत ९२ दिवस होतात. आधीचा सगळा काळ पाच वर्षांच्या आतला असेल, तर १८३ भरत नाहीत आणि त्या वर्षी तुम्ही साधारणपणे नॉनरेसिडेंटच राहता.

थांबा आणि तपासा: लग्न झालंय, जोडीदार करासाठी रेसिडेंट आहे आणि दोघांनी मिळून जॉइंट रिटर्न भरायचं ठरवलंय? मग तुम्ही स्वतःहून रेसिडेंट म्हणून वागवून घेत आहात. बँक व्याजाची ही सूट गेली, आणि भारतातल्या एफडीचं व्याजही अमेरिकेत दाखवावं लागेल. जॉइंट रिटर्नमधून वाचणारा कर आणि हे ओझं यांचा हिशेब आधी कागदावर मांडून बघा.

टप्पा २: पैसे नेमके कुठे आहेत ते बघा

सूट आहे ती ठेवीवरच्या व्याजाला. चेकिंग, सेव्हिंग्ज, हाय-यील्ड सेव्हिंग्ज, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणजे आपली एफडी, आणि क्रेडिट युनियनमधलं खातं, हे सगळं तिच्यात येतं. क्रेडिट युनियन तिथल्या व्याजाला 'डिव्हिडंड' म्हणते. त्या नावाने घाबरू नका, कराच्या दृष्टीने ते ठेवीचंच व्याज.

खरी गफलत ब्रोकरेज अ‍ॅपमध्ये होते. तिथल्या 'कॅश'वर काहीतरी मिळतंय एवढंच दिसतं. ती कॅश भागीदार बँकांमध्ये ठेवली जात असेल, तर ते ठेवीचं व्याज. ती मनी मार्केट फंडात जात असेल, तर मिळतो तो खराखुरा डिव्हिडंड, आणि त्यावर नॉनरेसिडेंटला सहसा ३० टक्के, भारताबरोबरच्या करारानुसार २५ टक्के कर लागतो. ट्रेझरी बिलांचं व्याज वेगळ्या तरतुदीखाली सहसा करमुक्त असतं. त्यासाठी ब्रोकरकडे तुमचा डब्ल्यू-८बेन, म्हणजे 'मी करासाठी नॉनरेसिडेंट आहे' असं सांगणारा फॉर्म, असायला हवा. त्यामुळे ब्रोकरचं स्टेटमेंट उघडून तो पैसा कोणत्या सदरात दाखवलाय ते वाचा. अ‍ॅपच्या पहिल्या पानावरून हे कळत नाही.

बोनसचंही तसंच. खातं उघडल्याबद्दल मिळालेली रक्कम बँक सहसा व्याज म्हणूनच दाखवते. मित्राला खातं उघडायला लावल्याबद्दलचा रेफरल बोनस मात्र व्याज नाही. तो सहसा १०९९-एमआयएससी वर, म्हणजे इतर उत्पन्नाच्या फॉर्मवर, येतो आणि या सुटीत बसत नाही. मित्राला उसने दिलेल्या पैशांवर व्याज घेतलंत, तर तेही बसत नाही.

आणखी एक शंका वारंवार येते: 'मी कॅम्पसवर नोकरी करतो, म्हणजे अमेरिकेत व्यवसाय करतो, मग व्याज त्याला जोडलेलं नाही का?' नाही. पगार खात्यात जमा होतो म्हणून खात्याचं व्याज व्यवसायाचं होत नाही.

टप्पा ३: बँकेला डब्ल्यू-८बेन द्या

हे काम एप्रिलमध्ये नाही, खातं उघडताना करायचं. बहुतेकांचं उलटं होतं: अ‍ॅपमध्ये 'मी अमेरिकी नागरिक किंवा यूएस पर्सन आहे' या चौकटीत टिक केल्याशिवाय पुढचं पान येत नाही, आणि घाईत टिक होते. ती टिक म्हणजे डब्ल्यू-९, यूएस पर्सन असल्याचं प्रमाणपत्र. त्यावर तुम्ही खोटं बोलल्यास शिक्षेला पात्र असल्याचं मान्य करून सही करत असता. एखादी ऑनलाइन बँक डब्ल्यू-८बेन घेतच नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ते खातं तुमच्यासाठी नाही. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी खोटं प्रमाणपत्र देऊ नका. विद्यापीठाजवळच्या शाखेत पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद) घेऊन गेलात, तर तिथल्या माणसांना हा फॉर्म सहसा माहीत असतो.

फॉर्म एका पानाचा आहे. भरताना:

- लाइन ३ वर कायमचा पत्ता, म्हणजे भारतातला घरचा पत्ता. पीओ बॉक्स चालत नाही. अमेरिकेतला पत्ता लाइन ४ वर, पत्रव्यवहारासाठी.
- लाइन ५ वर एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) असेल तर तो. लाइन ६ए वर पॅन.
- लाइन ८ वर जन्मतारीख अमेरिकी पद्धतीने, आधी महिना. ७ मार्च म्हणजे ०३-०७. आपल्या सवयीने ०७-०३ लिहिलंत, तर जुलैत जन्मल्याची नोंद होते आणि पासपोर्टशी जुळत नाही.
- भाग २ करार-सवलतीसाठी आहे. बँकेच्या ठेवीपुरता तो रिकामा ठेवा, कारण ही सूट कायद्यातून येते, भारत-अमेरिका करारातून नाही. ब्रोकरला देताना, डिव्हिडंडसाठी, तो भरावा लागतो.

फॉर्म बँकेला द्यायचा, आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, पाठवायचा नाही. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत तो चालतो: सप्टेंबर २०२५ मध्ये दिला, तर ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. मधेच रेसिडेंट झालात, तर ३० दिवसांत बँकेला कळवून डब्ल्यू-९ द्यायचा. ही दुसरी बाजू सगळे विसरतात.

सावधान: दोन्हीपैकी एकही नीट कागद बँकेकडे नसेल, तर ती व्याजातून २४ टक्के बॅकअप विथहोल्डिंग कापू शकते. कापलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी रिटर्न भरावं लागतं.

टप्पा ४: कागद जमवा, मार्चच्या मध्यापर्यंत थांबा

१०९९-आयएनटी साधारण जानेवारीअखेर निघतो. पण बँकेकडे तुमचा डब्ल्यू-८बेन असेल, तर तुम्हाला त्याऐवजी १०४२-एस, म्हणजे परदेशी व्यक्तीला दिलेल्या उत्पन्नाचा फॉर्म, येऊ शकतो, आणि त्याची मुदत १५ मार्च असते. भारतातल्या रहिवाशांना दिलेलं ठेवीचं व्याज बँकेने आयआरएसला कळवायचं असतं. म्हणून कर शून्य असूनही फॉर्म निघतो. त्यावर उत्पन्नाचा कोड २९ दिसला, तर ते ठेवीचं व्याज आहे. विद्यापीठाकडूनही स्कॉलरशिपसाठी १०४२-एस येत असेल, तर दोन्ही वेगवेगळे ठेवा, एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळू नका.

१० डॉलरपेक्षा कमी व्याजाला १०९९-आयएनटी सहसा येत नाही. न आल्याने तुमचं काही बिघडत नाही.

आला तर दोन चौकटी बघा. चौकट १ मध्ये व्याज, चौकट ४ मध्ये कापलेला फेडरल कर. चौकट ४ रिकामी असेल, तर पुढचं काम सोपं आहे.

टप्पा ५: रिटर्न

तुमचं अमेरिकेतलं उत्पन्न म्हणजे फक्त हे करमुक्त व्याज असेल आणि कर कापलेला नसेल, तर १०४०-एनआर भरायची गरजच नाही. तरीही फॉर्म ८८४३ भरायचा. पाच वर्षांची सूट कशाच्या आधारावर घेताय हे त्यातून सांगितलं जातं. त्यासाठी एसएसएन लागत नाही. एकटाच पाठवत असाल, तर तो छापून, सही करून टपालाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला जातो, १५ जूनपर्यंत. एफ-२ वरची पत्नी किंवा पती आणि मुलं, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म. एकाच्या फॉर्मवर चौघांची नावं घालून भागत नाही.

पगार असेल, तर १०४०-एनआर १५ एप्रिलपर्यंत, आणि ८८४३ त्यालाच जोडून.

आता व्याज कुठे लिहायचं? कुठेच नाही. करपात्र व्याजाच्या ओळीत नाही, धंद्याशी न जोडलेल्या उत्पन्नाच्या शेड्युल एनईसीमध्ये नाही, आणि शेड्युल ओआयमध्ये जिथे करार-सवलती मांडतात तिथेही नाही. शेड्युल एनईसी हा खरा सापळा आहे. तिथे 'इंटरेस्ट' नावाच्या ओळी आहेत, शेजारी ३० टक्क्यांचा रकाना आहे, आणि हातात व्याजाचा फॉर्म आहे. माणूस भरून मोकळा होतो. त्या ओळी ठेवीच्या व्याजासाठी नाहीत.

एक उदाहरण. २०२५ मध्ये कॅम्पसवरच्या कामाचे ९,००० डॉलर, सेव्हिंग्ज खात्यावर २४० डॉलर व्याज, कापलेला कर फक्त पगारातून. १०४०-एनआर वर पगार ९,०००. भारतीय विद्यार्थ्यांना कराराच्या अनुच्छेद २१(२) मुळे स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळतं, इतर बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२५ साठी ते एकट्या व्यक्तीला १५,७५० डॉलर. करपात्र उत्पन्न शून्य, कापलेला फेडरल कर परत. २४० डॉलर फॉर्मवर दिसतच नाहीत. चौकट ४ मध्ये समजा ५८ डॉलर कापलेले असते, तर ते 'भरलेला कर' या भागात १०९९ वरून कापलेला कर म्हणून दाखवायचे आणि १०९९-आयएनटीची प्रत जोडायची. व्याज तरीही उत्पन्नात येत नाही.

काही जण 'सेफ साइड' म्हणून व्याज दाखवून टाकतात. वरच्या उदाहरणात कर शून्यच राहील, त्यामुळे नुकसान दिसत नाही. पण जिथे उत्पन्न मोठं आहे, ओपीटीवर पूर्णवेळ पगार आहे, तिथे जो कर लागतच नाही तो भरला जातो. यात सेफ काही नाही.

थांबा आणि तपासा: तयार झालेल्या रिटर्नच्या पहिल्या पानावर '१०४०-एनआर' असं छापलंय का? नुसतं '१०४०' असेल, तर सॉफ्टवेअरने तुम्हाला रेसिडेंट धरलंय. रेसिडेंट लोक वापरतात ती बहुतेक लोकप्रिय सॉफ्टवेअर १०४०-एनआर करतच नाहीत, आणि तसं ठळकपणे सांगतही नाहीत. आपलं इंटरनॅशनल ऑफिस कोणतं सॉफ्टवेअर देतं ते आधी विचारा. पुष्कळ विद्यापीठं नॉनरेसिडेंटसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट किंवा सवलतीत देतात.

टप्पा ६: राज्याचा कर वेगळा बघा

फेडरलमध्ये करमुक्त म्हणजे राज्यातही करमुक्त, असं गृहीत धरू नका. टेक्सास, फ्लोरिडामध्ये वैयक्तिक आयकरच नाही, तिथे प्रश्न मिटला. कॅलिफोर्निया मात्र फेडरल करार मानत नाही, आणि राज्याच्या नियमांनी तुम्ही तिथले रहिवासी ठरलात, तर फेडरलसाठी नॉनरेसिडेंट असूनही राज्य तुमचं सगळीकडचं उत्पन्न मोजतं. त्यात हे व्याजही आलं. तुमच्या राज्याच्या फॉर्मच्या सूचनांमध्ये १०४०-एनआर भरणाऱ्यांसाठी सहसा स्वतंत्र परिच्छेद असतो. तेवढा वाचा.

टप्पा ७: आधीच चुकलं असेल तर

१०४० भरून बसलात आणि नॉनरेसिडेंट होतात, तर व्याज ही त्यातली लहान चूक. मोठी चूक म्हणजे अमेरिकन ऑपॉर्च्युनिटीसारखी शिक्षणाची क्रेडिट्स, जी नॉनरेसिडेंटला सहसा मिळत नाहीत. ती घेतली असतील, तर पैसे परत करावे लागतील, आणि स्वतःहून केलेलं बरं.

पहिलं रिटर्न प्रोसेस होऊन रिफंड येईपर्यंत थांबा. मग नवा १०४०-एनआर पूर्ण भरा, त्याच्या माथ्यावर 'अमेंडेड' लिहा आणि १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मच्या मागे जोडा. १०४०-एक्स वर नाव, पत्ता, नंबर आणि कारण एवढंच लिहायचं. आकडे नव्या फॉर्मवर. जास्त भरलेला कर परत मागायचा असेल, तर साधारणपणे मूळ रिटर्नपासून ३ वर्षांची मुदत आहे.

दुसरा प्रसंग: तुम्ही सगळं बरोबर केलंत, पण बँकेने १०९९-आयएनटी काढला आणि आयआरएसच्या संगणकाला तो आकडा रिटर्नवर दिसला नाही. मग सीपी२००० नावाचं पत्र येऊ शकतं, कर वाढल्याचं सांगणारं. ते बिल नाही, प्रस्ताव आहे. छापलेल्या तारखेच्या आत 'मान्य नाही' असं कळवा. पत्रात व्हिसाचा प्रकार, पहिल्या प्रवेशाची तारीख, त्या वर्षी नॉनरेसिडेंट असल्याचं आणि व्याज कलम ८७१(आय)(२)(ए) खाली करमुक्त असल्याचं लिहा. ८८४३, आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) च्या प्रती जोडा. आणि बँकेला डब्ल्यू-८बेन द्या, नाहीतर पुढच्या वर्षी हेच पत्र पुन्हा येईल.

टप्पा ८: भारताची बाजू, पहिल्या वर्षापुरती तरी

१०४०-एनआर मध्ये भारतातल्या बँकेचं व्याज येत नाही, आणि नॉनरेसिडेंट असेपर्यंत एफबारही, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या खात्यांचा अहवालही, भरावा लागत नाही. उलट्या दिशेचा प्रश्न मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

१० ऑगस्ट २०२५ ला मुंबईहून निघालात, तर १ एप्रिलपासून तुमचे भारतात १३२ दिवस झाले. भारतीय कायद्यात ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, की तुम्ही रहिवासी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला ६० च्या जागी १८२ दिवसांची सवलत आहे. शिक्षणासाठी जाणाऱ्याचा त्या तरतुदीत उल्लेख नाही. म्हणजे २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी तुम्ही भारतात रहिवासी, आणि त्या मार्चपर्यंतचं अमेरिकी बँकेचं व्याज भारतात उत्पन्न. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत मात्र विद्यार्थी निघाल्यापासून अनिवासी मानला जातो, त्यामुळे पुण्यातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. दोन कायदे, दोन व्याख्या. एकाची दुसऱ्याला लावू नका.

रहिवासी असलेल्या वर्षात परदेशी बँक खातं असेल, तर उत्पन्न करमर्यादेच्या खाली असूनही रिटर्न भरणं बंधनकारक आहे. आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ आणि त्यातलं परदेशी मालमत्तेचं शेड्युल एफए लागतं. शेड्युल एफए कॅलेंडर वर्षाचं असतं, म्हणजे या उदाहरणात ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचं, तर व्याजाचं उत्पन्न मार्च २०२६ पर्यंतचं. त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे जुळणार नाहीत, आणि ते जुळवायचेही नाहीत. रुपयांत बदलताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते तो दर, घ्यायचा, उत्पन्नासाठी ३१ मार्चचा. तो त्याच आठवड्यात उतरवून ठेवा, जुलैत शोधायला गेलं की सापडता सापडत नाही.